कॅज्युअल्टीत आलेली ‘सायकॅट्री केस’: आधी काय बघायचं, मग काय द्यायचं

वाघोलीकडच्या पन्नास खाटांच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका आरएमओचा (निवासी डॉक्टरचा) प्रश्न आहे. मानसोपचारतज्ज्ञ रात्री फक्त फोनवर मिळतात आणि नातेवाईक ‘आधी झोपेचं इंजेक्शन द्या’ म्हणून मागे लागतात. अशा वेळी काय तपासायचं, काय आणि किती द्यायचं, आणि ससून रुग्णालयात किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात कधी पाठवायचं?

डोस पुढे देतोच. त्याआधी एक सांगतो: केसपेपरवर ‘सायकॅट्री केस’ लिहायची घाई करू नका. हे शब्द एकदा पडले की पुढे कुणी ताप बघत नाही, पोटाला हात लावत नाही, शुगर करत नाही. आरडाओरडा करणारा असो की गप्प पडून राहिलेला, प्रत्येक पेशंट आधी मेडिसिनचा आहे असं धरून चाला. मानसिक आजाराचं निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं.

पहिल्या पाच मिनिटांत नाडी, बीपी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, तापमान आणि ग्लुकोमीटर एवढं व्हायलाच हवं. यात हमखास राहून जातं ते तापमान, कारण पेशंट थर्मामीटर तोंडात धरत नाही. काखेत लावा, पण लावा. शुगरचंही तसंच. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलेले सत्तरीचे आजोबा घामाघूम होऊन शिव्या देतात, अंगावर धावून येतात, आणि घरचे म्हणतात, ‘यांना वेड लागलंय.’ २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. तेवढ्याने माणूस शुद्धीवर येतो, पण लगेच घरी सोडू नका. या गोळीचा परिणाम लांबतो आणि शुगर पुन्हा उतरते. २४ तास ठेवा.

मग नातेवाइकांना एकच प्रश्न नीट विचारा: ‘हे पूर्ण ठीक असे शेवटचे कधी होते?’ ‘परवापर्यंत बाजारात जात होते’ असं उत्तर आलं तर शरीरात काहीतरी बिघडलंय. ‘पाच वर्षं गोळ्या चालू होत्या, दोन महिन्यांपूर्वी बंद केल्या, मग झोप गेली, मग संशय सुरू झाला’ असं आलं तर जुना आजार उलटला असण्याची शक्यता जास्त. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, ताप, डोक्याला मार, आकडी, नुकतंच सुरू झालेलं औषध, तासातासाला बदलणारी शुद्ध आणि डोळ्यांना दिसणारे भास, यांपैकी काहीही असलं तरी मानसोपचाराचं लेबल लावू नका. स्किझोफ्रेनियात बहुतेकदा आवाज ऐकू येतात. भिंतीवर मुंग्या आणि खोलीत माणसं दिसायला लागली की डेलिरियम (शारीरिक बिघाडाने अचानक आलेला भ्रम), दारू किंवा विषबाधा आठवायची.

डेलिरियम ओळखायला खाटेशेजारी करायची सोपी चाचणी म्हणजे रविवारपासून वार उलटे म्हणायला सांगणं. शाळा न शिकलेल्या आजींनाही वार येतात. मानसिक आजाराचा पेशंट कितीही विचित्र बोलत असला तरी रविवार, शनिवार, शुक्रवार असं बहुधा बरोबर म्हणतो. डेलिरियमचा पेशंट मध्येच हरवतो, पुन्हा सुलट जायला लागतो किंवा खिडकीकडे बघत बसतो. अशा वेळी रक्त, लघवी, छातीचा फोटो, ईसीजी आणि मुख्य म्हणजे सोडियम बघा. बीपीच्या एकत्रित गोळीतल्या हायड्रोक्लोरोथायझाइडने सोडियम ११५ वर आलेल्या आजी ‘भ्रमिष्ट झाल्या’ म्हणून येतात. ते भरून काढताना २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढवू नका. तुंबलेली लघवी, आठवडाभराची बद्धकोष्ठता, ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी गोळी एवढ्याशा कारणानेही वृद्ध माणूस रात्रभर भ्रमात राहतो.

या वयात फार अस्वस्थ असेल तरच हॅलोपेरिडॉल (अँटिसायकोटिक, म्हणजे मनोविकारावरचं औषध) अर्धा मिलिग्रॅम, फार तर एक. पाच नाही. पार्किन्सन असेल तर तेही नाही. लोराझेपाम हे शामक दिलं तर भ्रम वाढतो, अपवाद फक्त दारू सुटल्याचा. चष्मा आणि कानाचं यंत्र परत लावा, दिवा चालू ठेवा, घरचं ओळखीचं माणूस उशाशी बसवा.

दारूबद्दल जरा थांबून लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. सोलापूर रस्त्यावर अपघात होतो, मांडीचं हाड मोडून माणूस ऑर्थो वॉर्डात दाखल होतो. पहिला दिवस ठीक जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, नाडी ११० होते आणि ते दुखण्याच्या खात्यावर जमा होतं. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटतो, चादरीवरून काहीतरी वेचत राहतो, ‘कामावर जायचंय’ म्हणून मोडक्या पायाने उठायला बघतो. हे डेलिरियम ट्रेमेन्स आहे आणि त्यात माणूस दगावतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ तासांपासून थरथर, ६ ते ४८ तासांत आकडी, ४८ ते ९६ तासांत डेलिरियम, असा हा क्रम असतो. म्हणून दाखल करतानाच विचारा, आणि ‘पिता का?’ असं विचारू नका. ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचारा. बायकोला बाजूला घेऊन विचारलं की खरं उत्तर मिळतं.

यावर औषध म्हणजे डायझेपाम. १० मिलिग्रॅम शिरेतून, दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊन. मग दर १० ते १५ मिनिटांनी बघत पुन्हा, पेशंट शांत पण हाक मारली की डोळे उघडेल इतका होईपर्यंत. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते नीट शोषलं जात नाही. लिव्हर खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम २ मिलिग्रॅम. नुसत्या हॅलोपेरिडॉलवर भागवलं तर आकडी येण्याचा धोका वाढतो. एवढं देऊनही आवरत नसेल तर पेशंट आयसीयूत हलवा.

सोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). पिवळी सलाईन लावली म्हणजे थायमिन दिलं असा समज सगळीकडे आहे, पण त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये या कामापुरतं थायमिन नसतं. भ्रम, डोळ्यांच्या हालचालीत दोष आणि चालताना तोल जाणं ही वेर्निकेची (थायमिन कमी पडून मेंदूला होणाऱ्या आजाराची) तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच पेशंटमध्ये दिसतात, म्हणून संशय आला तरी पूर्ण डोस द्या: ५०० मिलिग्रॅम १०० मिली सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, किमान दोन-तीन दिवस. थायमिन ग्लुकोजच्या आधी द्यावं हे खरं, पण शुगर ४० असताना थायमिनची वाट बघत बसायचं नाही. दोन्ही एकदमच सुरू करा.

आता आक्रमक पेशंट. एका वेळी एकानेच बोलायचं. सिस्टर, वॉर्डबॉय मामा, सिक्युरिटी आणि चार नातेवाईक एकदम बोलायला लागले की घाबरलेला माणूस आणखी घाबरतो, आणि बहुतेक आक्रमक पेशंट मुळात घाबरलेलेच असतात. दोन हातांचं अंतर ठेवा. दाराची वाट तुमचीही मोकळी हवी आणि त्याचीही. ‘दादा’, ‘काका’, ‘ताई’ म्हणा, तो हिंदी बोलत असेल तर हिंदीत बोला. पाणी द्या, चहा गार करून द्या. ‘शेजारी माझ्यावर करणी करतात’ असं तो म्हणाला तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. ‘तुम्हाला फार भीती वाटतेय, इथे तुम्हाला कुणी हात लावणार नाही’ एवढं म्हणा. मग निवड द्या: ‘गोळी घेता की इंजेक्शन?’ कितीतरी पेशंट गोळी घेतात. तोंडात विरघळणारं ओलान्झापिन १० मिलिग्रॅम किंवा लोराझेपाम २ मिलिग्रॅम द्या आणि ३० ते ४५ मिनिटं थांबा. ही अर्धा तासाची सबुरी नातेवाइकांना समजावणं हेही उपचारातच मोडतं.

इंजेक्शनच लागलं तर स्नायूतून हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन ५० मिलिग्रॅम. या जोडीच्या चाचण्या आपल्याच देशात, वेल्लोरला झाल्या आहेत. २००४ मध्ये लोराझेपामशी आणि २००७ मध्ये ओलान्झापिनशी तुलना छापून आली. लोराझेपामपेक्षा या जोडीने पेशंट लवकर शांत झाले, आणि ओलान्झापिनच्या गटात पुढच्या चार तासांत पुन्हा औषध लागण्याचं प्रमाण जास्त होतं. प्रोमेथाझिन गाळून एकटं हॅलोपेरिडॉल देऊ नका, मान वाकडी होण्यापासून तेच वाचवतं. अर्ध्या ते एका तासाने गरज पडली तर पुन्हा द्या. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबलेला असेल किंवा कारणच कळत नसेल तर लोराझेपाम २ ते ४ मिलिग्रॅम स्नायूतून बरं. त्याचे अँप्युल फ्रिजमध्ये आहेत ना हे पाळी सुरू होतानाच बघा. पेशंट प्यायलेला असेल तर लोराझेपाम टाळा, श्वास मंदावतो. ओलान्झापिनचं इंजेक्शन दिलं असेल तर लगोलग लोराझेपाम, डायझेपाम किंवा मिडाझोलामचं इंजेक्शन देऊ नका. आणि पेंटाझोसिन-प्रोमेथाझिनची जुनी सवय कृपया सोडा. पेंटाझोसिन हे अफूच्या गटातलं वेदनाशामक आहे. त्याने मनोविकार शमत नाही, श्वास मंदावू शकतो आणि भासही होऊ शकतात.

इंजेक्शननंतर पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन लिहायचं. ‘झोपला एकदाचा’ म्हणून पडदा ओढून निघून जाणं सर्वांत धोक्याचं. बांधावंच लागलं तर रुंद कापडी पट्ट्यांनी, हातापायांना, पाठीवर झोपवून, डोकं थोडं वर. पालथं कधीही नाही, छातीवर पट्टा किंवा कुणाचा गुडघा नाही, साखळी नाही. बोटं गार पडत नाहीत ना हे तपासत राहायचं. बांधल्याची आणि सोडल्याची वेळ, कारण आणि कोणाच्या सांगण्यावरून बांधलं हे लिहायचं, आणि औषध लागू पडताच सोडायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम ९७ नुसार शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी विशीतला मुलगा मान मागे खेचलेली, डोळे वर गेलेले आणि जबडा अडकलेला अशा अवस्थेत आला तर घरच्यांना वाटतं अंगात आलं, आणि डॉक्टरला आठवतो धनुर्वात. काल काय दिलं ते विचारा. हॅलोपेरिडॉल असेल किंवा साधं उलटीचं मेटोक्लोप्रामाइडही असेल. प्रोमेथाझिन ५० मिलिग्रॅम स्नायूतून दिलं की अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. पुढे ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दोन वेळा, तीन-चार दिवस. मात्र हीच औषधं चालू असताना ताप, लाकडासारखं ताठलेलं शरीर, घाम आणि गोंधळ दिसला तर ते न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. सर्व अँटिसायकोटिक बंद, सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी), भरपूर सलाईन, थेट आयसीयू.

न बोलणारा, न खाणारा, हात वर उचलून ठेवला तर तसाच ठेवणारा पेशंट नाटक करत नाही, ही कॅटाटोनिया आहे. लोराझेपाम २ मिलिग्रॅम शिरेतून द्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. दोन दिवस अन्न-पाण्याला न शिवलेली मुलगी पाणी मागते तेव्हा निदान आणि उपचार दोन्ही एकदम होतात. तरुण वयात पहिल्यांदाच असं झालं असेल, सोबत आकडी किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली असतील तर मेंदूला सूज, विशेषतः अँटी-एनएमडीए एन्सेफलायटिस, तपासल्याशिवाय सोडू नका.

लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्या पेशंटबद्दल पुण्यात पावसाळ्यानंतर विशेष जागरूक राहा. डेंगी-चिकुनगुन्याच्या दिवसांत सांधे धरतात, लोक दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेतात, त्यात ताप आणि कमी पाणी, आणि रक्तातलं लिथियम चढतं. मोठी थरथर, जुलाब, उलट्या, झोकांड्या, जड जीभ हे दिसलं की लिथियम थांबवा, सलाईन सुरू करा, लेव्हल, क्रिएटिनिन आणि सोडियम पाठवा. शुद्ध हरपत असेल किंवा किडनी अडली असेल तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी लगेच हलवा.

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, ‘आता मी मरणार’ ही भीती, दहा मिनिटांत शिगेला पोहोचणारी लाट म्हणजे पॅनिक अटॅक. पण आधी ईसीजी, आणि मधुमेही बाईच्या बाबतीत ट्रोपोनिन ही हृदयाची रक्ततपासणीसुद्धा. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. शेजारी बसून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर असं करवून घ्या. लागलंच तर क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम एकदा. अल्प्राझोलामची स्ट्रिप हातात देऊन घरी पाठवलं की नवा त्रास सुरू होतो.

डोळे घट्ट मिटून, मान दोन्ही बाजूंना हलवत, बराच वेळ चाललेली ‘आकडी’ बऱ्याचदा फंक्शनल (अपस्माराची नसलेली) असते. तिला कांदा हुंगवणं, छातीवर बोटं रगडणं, सुया टोचणं, ‘नाटकं बंद कर’ म्हणणं हे सगळं क्रूर आहे आणि निरुपयोगीही. शुगर बघा, गर्दी हटवा, शांत आवाजात सांगा की हे थांबणार आहे. आणि फंक्शनल म्हणण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून बघा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला, तो या शहराने पाहिला आहे. मुंग्या, पाय गळणं आणि घाबरलेला चेहरा ही तिन्ही लक्षणं त्या आजारातही असतात. प्रतिक्षिप्त क्रिया गेलेल्या असतील तर ती घबराट नव्हे.

बाळंतीण दोन आठवड्यांच्या आत झोपेनाशी झाली, गोंधळली, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली तर ती अतितातडीची वेळ आहे. बीपी, ताप, डोकेदुखी बघा. इक्लॅम्प्सिया (बीपी वाढून येणारी आकडी), जंतुसंसर्ग आणि मेंदूतल्या शिरेची गुठळी वगळा. बाळाजवळ सतत दुसरं माणूस ठेवा. सकाळपर्यंत थांबू नका.

आणि आत्महत्येचा प्रयत्न. इथे विष आणि मन दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष लागतं. उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस फार फसवा. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक ते तीन दिवस पेशंट अगदी चांगला दिसतो, घरचे ‘थोडंसंच चाटलं होतं’ म्हणत डामा (सल्ल्याविरुद्ध घरी सोडणं) मागतात, आणि त्यानंतर कावीळ होऊन लिव्हर बंद पडतं. या विषाला उतारा नाही. किमान तीन दिवस ठेवून रोज लिव्हरच्या तपासण्या आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करा, आणि आयएनआर वाढू लागताच लिव्हर प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी बोला. पॅरासिटामॉलचंही असंच. ६५० मिलिग्रॅमच्या १५ गोळ्यांची एक स्ट्रिप म्हणजे पावणेदहा ग्रॅम. पन्नास किलोच्या मुलीला साडेसात ग्रॅमपासून धोका आहे. रक्तातली लेव्हल गोळ्या घेतल्यापासून चार तासांनंतर पाठवा. ती मिळणार नसेल किंवा आठ तास उलटले असतील तर उतारा म्हणून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन लगेच सुरू करा: किलोमागे १५० मिलिग्रॅम एका तासात, मग ५० चार तासांत, मग १०० सोळा तासांत. कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन चालू असताना तो बडबडायला, हवेत काही पकडायला लागला, अंग गरम, काख कोरडी, बाहुल्या मोठ्या आणि नाडी १४० असेल तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. ते थांबवा, शांत झाल्यावर कमी वेगाने सुरू करा.

पेशंट बोलण्याच्या स्थितीत आला की एकांतात स्पष्ट विचारा: ‘जीव द्यायचा विचार होता का? आत्ताही येतोय का? काय करायचं ठरवलं होतं?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘आईची शपथ घे, पुन्हा करणार नाहीस’ याला काडीचा उपयोग नाही. चिठ्ठी लिहिली होती, दार आतून लावलं होतं, वाचल्याचं वाईट वाटतंय, कानात आवाज हुकूम देतात, घरी एकटाच आहे, याआधीही प्रयत्न केला होता, यांपैकी काही असेल तर घरी सोडू नका. खाट सिस्टरच्या टेबलासमोर द्या, खिडकीपासून लांब. बाथरूमला जाताना वॉर्डातल्या मावशी सोबत आणि कडी आतून लावायची नाही.

सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलाला रूममेट घेऊन येतात आणि ‘घरी कळवू नका’ म्हणतात. त्याची लाज समजून घ्या, पण धोका मोठा असेल तर घरचं माणूस यायलाच हवं. कोणाला बोलवायचं हे त्यालाच निवडू द्या. बऱ्याचदा वडिलांऐवजी मामा किंवा मोठी बहीण चालते. सोडताना दोन दिवस एकटं न ठेवणं, गोळ्या घरच्यांच्या ताब्यात आणि आठवड्यापेक्षा कमी, घरातलं कीटकनाशक बाहेर, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ ठरलेली, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या रुग्णालयातून एक फोन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही. तो मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून घ्या.

एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करा, पण घरच्यांना सांगा की २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. पोलिसांच्या भीतीने खोटी हकिकत सांगितली जाते आणि मग कोणतं विष घेतलं तेच कळत नाही. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ९४ नुसार पेशंटच्या जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, जास्तीत जास्त ७२ तास. शॉक उपचार यात बसत नाहीत.

कुठे पाठवायचं? ताप, विषबाधा, आकडी, डेलिरियम, अस्थिर नाडी-बीपी असेल तर ससून किंवा आयसीयू असलेलं जवळचं सर्वसाधारण रुग्णालय. येरवड्याचं मनोरुग्णालय हे शरीराने स्थिर असलेल्या पण तीव्र मानसिक आजाराने घरी सांभाळता न येणाऱ्या पेशंटसाठी. ‘येरवडा’ हा शब्द पुण्यात शिवीसारखा वापरला जातो, त्यामुळे नातेवाईक दचकतात. तिथे तज्ज्ञ आणि उपचार दोन्ही आहेत हे बसून सांगा. निघण्याआधी फोन करून खाट असल्याची खात्री करा. रेफर चिठ्ठीत शुगर, तापमान, ईसीजी, वार उलटे म्हणता आले का, कोणतं औषध किती वाजता किती दिलं, आणि शेवटची दारू कधी, हे लिहा. १०८ मध्ये झोपवलेल्या पेशंटसोबत ऑक्सिजन मोजणारं माणूस हवंच, आणि घरात सापडलेल्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स आणि बाटल्या एका पिशवीत घालून सोबत पाठवा.